पगार ५२ हजार, सल्लागारही ५२: पहिला पैसा कुठे घालू? (इंदूर)

छप्पनभोगी (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच टंकतोय. शाळा हिंदी माध्यमाची, मराठी घरात ऐकून ऐकून आलेली. तेव्हा शुद्धलेखन आणि मधूनमधून घुसणारी हिंदी, दोन्ही सांभाळून घ्या.

वय २५, लोकमान्य नगर. सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत अडीच वर्षं झाली. हातात ५२ हजार येतात. १५ हजार आईकडे देतो. शिक्षणकर्जाचा हप्ता साडेसहा हजार (२ लाख १० हजार बाकी, व्याज साडेदहा टक्के). पेट्रोल, मोबाइल, सराफा-छप्पनचं खाणंपिणं सगळं धरून माझा खर्च साडेबारा हजार. उरतात १८. बचत खात्यात १ लाख ४० हजार नुसते पडून आहेत.

आता सल्लागार बघा. आत्या विम्याची एजंट. ती म्हणते महिना ४ हजारांची पॉलिसी घे, वीस वर्षांनी रक्कम मिळेल आणि टॅक्सही वाचेल. ऑफिसातला मित्र ऑप्शन्स (शेअरच्या भावावरचे सट्ट्यासारखे सौदे) करतो, त्याच्या मते एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम) हा म्हाताऱ्यांचा खेळ. टीम लीड म्हणते डोळे मिटून एसआयपी कर. आणि बाबा. त्यांचं एकच: उज्जैन रोडकडे ८०० फुटांचा प्लॉट ११ लाखांत मिळतोय, डायरीवर. दलाल सांगतो की सिंहस्थ २०२८ च्या आत भाव दुप्पट. माझ्या बचतीतला एक लाख आत्ता द्यायचा, बाकीचं हप्त्यांनी.

रोज जेवताना हाच विषय. काल आजीने वरण वाढता वाढता विचारलं, "तुझं ते शिप झालं का रे?" म्हणजे प्रकरण तिच्यापर्यंत पोचलंय.

कुठून सुरुवात करू?

काडीपेटी | रात्री ११:५५

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धागा इंदूरचा असल्याने पॉपकॉर्नवर शेव आणि जिरावण.

पेठी | शनिवार, सकाळी ७:१०

पुण्याहून एक अडाणी प्रश्न. प्लॉट "डायरीवर" म्हणजे काय?

गिरणीचा_भोंगा | सकाळी ८:२५

पेठी, हे आमच्याकडचं खास पक्वान्न आहे. कॉलनीचा नकाशा मंजूर नाही, जमिनीचं डायवर्शन (शेतीची बिनशेती) व्हायचंय, रेराचा (घरं-प्लॉटांच्या विक्रीवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर नाही. तरी प्लॉट विकले जातात. तुम्ही पैसे देता, समोरचा एका छापील डायरीत लिहून देतो की अमुक नंबरचा प्लॉट, अमुक भाव, इतके मिळाले, इतके बाकी. खाली सही. कधी शिक्का, कधी तोही नाही. पुढे परवानग्या आल्या की रजिस्ट्री (तुमच्याकडे खरेदीखत म्हणता तेच) होईल, असा वायदा. मधल्या काळात तीच डायरी तिसऱ्याला, चौथ्याला चढ्या भावात विकली जाते. ज्याने लवकर घेऊन लवकर विकली त्याने पैसा केला, हे खरंच आहे, आणि चहाच्या टपरीवर गोष्टी त्याच्याच सांगतात. शेवटची डायरी ज्याच्या हातात राहते तो बोलत नाही.

मी बोलतो. २०११ ची एक डायरी माझ्या कपाटात आहे. कॉलनीचं नाव सुंदर होतं. आज तिथे सोयाबीन पेरतात.

छप्पनभोगी, कायदा सरळ आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर रेरात नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही, बुकिंग तर दूरच. आणि नोंदलेला करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. दलालाला एवढंच विचार: भैया, रेरा नंबर? टी अँड सीपीचा (नगररचना खात्याचा) नकाशा? डायवर्शन? "आने वाला है" हे उत्तर आलं तर चप्पल घालून घरी ये.

हिशेबनीस | सकाळी १०:०३

रोज हेच करतो, म्हणून लांब लिहितो.

टॅक्सपासून सुरू करू, कारण आत्याच्या बोलण्यातला सगळ्यात पोकळ भाग तो आहे. तुझा पगार वर्षाला सात-साडेसात लाखांच्या घरात दिसतो. २०२५-२६ पासून आयकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. नोकरदाराची ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. ८०सी (विमा-पीपीएफच्या हप्त्यांवरची करसवलत) जुन्या पद्धतीत चालतं, नव्यात नाही. तुझा कर आधीच शून्य. शून्यातून आत्या किती वाचवणार?

आता पॉलिसी. वर्षाला ४८ हजार, २० वर्षं, म्हणजे भरणार ९ लाख ६० हजार. असल्या पारंपरिक पॉलिसीचा परतावा बोनस धरून साधारण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. पाचाने हिशेब केला तर वीस वर्षांनी १६ लाख ६७ हजार. तेच ४८ हजार दर एप्रिलच्या ५ तारखेच्या आत पीपीएफमध्ये टाकले, १५ वर्षांनंतर ५ वर्षांची मुदतवाढ घेतली आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर २१ लाख ३१ हजार. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण एप्रिल २०२० पासून हलला नाही. फरक साडेचार लाखांचा, आणि दोन्हीकडे जोखीम सारखीच कमी.

विमा म्हणून बघितलं तरी त्या हप्त्यात कवच दहा लाखांच्या आसपास मिळेल. घराला महिना ३४ हजार लागतात असं धरलं तर अडीच वर्षंसुद्धा पुरत नाही. ज्याला विमा हवा त्याने शुद्ध टर्म (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

अजून एक, जे पंचविशीतलं कोणी बघत नाही: तुझी पगाराची पावती. समजा बेसिक २५ हजार आहे. तुझे १२ टक्के, म्हणजे ३ हजार, पीएफला जातात. कंपनीच्या ३ हजारांतले १,२५० पेन्शनला जातात आणि १,७५० पीएफला. म्हणजे दर महिन्याला ४,७५० रुपये आपोआप बाजूला पडतायत, २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. तुझी सुरक्षित गुंतवणूक अडीच वर्षांपूर्वीच सुरू झाली आहे, तुला कोणी सांगितलं नाही इतकंच. नोकरी बदललीस तर ती रक्कम काढू नकोस, नव्या खात्यात वळव. पाच वर्षांच्या आत काढली तर करही लागतो.

विमावाला | सकाळी ११:३०

अपेक्षेप्रमाणे सगळे एजंटच्या मागे. एकोणीस वर्षं हाच धंदा करतोय, एक सांगतो. हिशेबनीस साहेबांचा आकडा बरोबर आहे. पण माझ्याकडचे जे लोक "मी पीपीएफ करीन, एसआयपी करीन" म्हणून पॉलिसी न घेता गेले, त्यातल्या निम्म्यांनी काहीच केलं नाही. मोबाइल घेतला, गोव्याला गेले. आमच्या पॉलिसीचा हप्ता चुकला की घरी फोन येतो, बायको विचारते, म्हणून तो भरला जातो. त्या टोचणीला किंमत आहे.

असो. आत्यावर राग धरू नकोस. आणि भिडेखातर घेतलीसच तर लक्षात ठेव, पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

हिशेबनीस | सकाळी ११:४८

टोचणीचा मुद्दा मान्य. स्वतःच्याच घरात बघितलं आहे.

ऑप्शनबहाद्दर | दुपारी १:१५

आयडी जुना आहे, तेव्हा मस्ती होती. बदलता येत नाही म्हणून राहिलाय.

तुझ्या ऑफिसातला मित्र म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा मी. पहिल्या महिन्यात २२ हजार कमावले. तेच २२ हजार नडले. तोटा झाला असता तर तिथेच थांबलो असतो. चौदा महिन्यांत ३ लाख ४० हजार गेले, त्यातले दीड लाख क्रेडिट कार्डावरचे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचं बेचाळीस. ते फेडायला जास्त वेळ लागला.

सेबीचा (शेअर बाजाराच्या नियामकाचा) सप्टेंबर २०२४ चा अभ्यास मी खूप उशिरा वाचला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. मला वाटायचं मी त्या सातांतला. ९३ जणांना तसंच वाटत असणार.

आणि इंदूरचा आहेस म्हणून अजून एक. आपल्या शहरात फोनवरून टिप्स विकणाऱ्यांचं पीक आलं होतं. मलाही एक बाई रोज सव्वानऊला फोन करायच्या, "सर, आज पक्का". फी २५ हजार. पहिली टिप बरोबर आली. आता तेच लोक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि खोट्या अॅपवर आलेत. अॅपमध्ये नफा दिसतो, काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा". कोणी फसलं तर १९३० वर लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांतच काही हाती लागलं तर लागतं.

काडीपेटी | दुपारी १:२२

"सर, आज पक्का" हे माझ्या लग्नाच्या स्थळांबद्दल पण म्हणायचे.

सराफ्यातली_सून | दुपारी ३:४०

सगळे आकडे घेऊन बसलेत, म्हणून मी दोन घरगुती गोष्टी विचारते.

आधी सोन्याचं सांगून टाकते, कारण आईने अजून विषय काढला नसेल तर गुरुपुष्याला काढेलच. सासर सराफ्यात, दुकानं मिटली की आमच्याच पायऱ्यांसमोर गराडू आणि भुट्ट्याचा कीस सुरू होतो. त्या दुकानात बसून सांगते, दागिना घालायला घ्यावा. घेताना ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ, मोडताना घडणावळ शून्य. सोनं ठेवायचंच असेल तर गोल्ड ईटीएफमध्ये (शेअरसारखं कागदी सोनं) थोडं ठेव. सरकारी सुवर्णरोखे छान होते, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघालेले नाहीत. सासऱ्यांना हे सगळं मी इथे लिहिते ते माहीत नाही, माहीत होऊ देऊ नका.

आता प्रश्न. बाबा निवृत्त कधी होणार? आणि आई, बाबा, आजी, तिघांचा मेडिक्लेम काय आहे?

छप्पनभोगी | दुपारी ४:०५

बाबा पीथमपूरला एका कारखान्यात आहेत, पुढच्या ऑक्टोबरात निवृत्त. शुगर आहे, सात वर्षं झाली. मेडिक्लेम त्यांच्या कंपनीचाच. माझ्या कंपनीत फक्त मी कव्हर आहे, आईबाबांना घ्यायचं तर वेगळे पैसे, आणि ती खिडकी एप्रिलमध्येच उघडते. आजी ७८, तिचं काहीच नाही.

सराफ्यातली_सून | दुपारी ४:३१

मग बाळा, तू जे विचारतोयस तो तुझा पहिला प्रश्नच नाहीये.

पुढच्या ऑक्टोबरात बाबांची नोकरी संपेल त्या दिवशी त्यांचं आणि आईचं कवच संपेल. वय साठ, शुगर, आणि हातात पॉलिसी नाही. त्यानंतर एक अँजिओप्लास्टी झाली तर तुझे १ लाख ४० हजार आणि वरचा एखादा लाख, सगळं एका शनिवारी जाईल. माझ्या माहेरी असंच झालं. भावाची एसआयपी चार वर्षांची होती, चांगली चालली होती. एका दुपारी मोडली, तीही बाजार पडलेला असताना.

आईबाबांची पॉलिसी आत्ता घे, निवृत्तीपर्यंत थांबू नकोस. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायची मुदत एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे. ते घड्याळ आज सुरू केलंस तर निवृत्तीनंतर दोन वर्षांत संपेल. शुगर लपवू नका. लपवलेली शुगर दावा करतानाच सापडते. हप्ता दणदणीत येईल, मनाची तयारी ठेव.

आजीचं सोपं आहे. ७० च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान योजनेचं ५ लाखांचं कवच ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सुरू झालं. आधार घेऊन कार्ड काढून आण. पैसे लागत नाहीत.

पेठी | सायंकाळी ५:०२

सून ताईंना +१००. वाचनखूण साठवली.

बडोदेकर | रात्री ९:१८

वडोदऱ्याहून लिहितोय. आमच्या गल्लीत शेअरचा भाव आणि भाजीचा भाव एकाच सुरात विचारतात, तेव्हा दोन शब्द एसआयपीवर.

नोव्हेंबर २००७ ला सुरू केली, पहिली नोकरी, महिना ३ हजार. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारांवर गेला, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचा बाकी होतो. मार्च २००९ ला तो ८ हजारांच्या घरात. मी फेब्रुवारीत एसआयपी बंद केली. "अजून पडेल, मग बघू." नोव्हेंबर २०१० मध्ये सेन्सेक्स परत २१ हजारांना टेकला. मी परत सुरू केली २०११ ला. म्हणजे जे महिने सगळ्यात स्वस्त होते नेमके तेच मी सोडले. त्या वेळी माझ्याकडे बाजूला ठेवलेला एक रुपयाही नव्हता, नोकरीची धाकधूक होती, म्हणून हात थरथरला. घाबरटपणा निम्मा, रिकामा खिसा निम्मा.

म्हणून १ लाख ४० हजारांना हात लावू नकोस. उलट सहा महिन्यांचा खर्च, तुझ्या हिशेबाने २ लाख ४ हजार, तिथवर आधी ने. अजून ६४ हजार पाहिजेत. पीएफ हा बाजूचा डबा समजू नकोस, हा खिशातला पैसा लागतो. एफडीत ठेव, मोडता येईल अशी.

आणि १२ टक्क्यांचे जे तक्ते फिरतात ते बघून स्वप्नं रंगवू नकोस. महिना १० हजार, दहा वर्षं: १२ टक्क्यांनी २३ लाख होतात, १० टक्क्यांनी साडेवीसच्या थोडे वर. आणि वाटेत एखादं वर्ष असं येतं की टाकले त्यापेक्षा कमी दिसतात. निफ्टीचा साधा इंडेक्स फंड (निफ्टीतलेच शेअर घेणारा), डायरेक्ट प्लॅन (मधे एजंट नसलेला), बस. रेग्युलरमध्ये दर वर्षी काही अंश टक्का दलालीत झिरपतो.

विमावाला | रात्री ९:४०

झिरपतो म्हणे. म्हणजे आम्ही गळका नळ.

हिशेबनीस | रात्री १०:१२

शिक्षणकर्जाबद्दल कोणी बोललं नाही. साडेदहा टक्क्यांचं कर्ज, या हप्त्याने अजून तीन वर्षं दोन महिने चालणार. कर्ज जास्त भरून लवकर संपवलं तर साडेदहा टक्के वाचतात, ते पक्के. इंडेक्स फंडातून त्याहून जास्त मिळतील असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. जुन्या पद्धतीतली व्याजाची वजावटही तुला नाही. माझं मत: आपत्कालीन रक्कम पूर्ण झाली की उरलेल्यातले निम्मे कर्जावर मार.

बडोदेकर | रात्री १०:२५

असहमत. तीन वर्षांचं कर्ज आहे, हप्ता झेपतोय. पंचविशीत बाजाराची सवय लागणं महत्त्वाचं. पाचशे रुपयांनी का होईना, सुरू कर. पडझड कशी वाटते ते लहान रकमेवर कळलेलं बरं.

हिशेबनीस | रात्री १०:३१

सवयीसाठी पाचशे चालतील. माझं म्हणणं पाच-आठ हजारांबद्दल आहे.

छप्पनभोगी | रविवार, रात्री १२:५०

झोप येत नाहीये. एक गोष्ट सांगायची राहिली, किंवा टाळली.

बाबांनी नवरात्रात ५१ हजारांचा बयाना देऊन टाकलाय. स्वतःच्या पैशातून, रोख. आज संध्याकाळी मी भोंगा काकांचे तीन प्रश्न विचारले तेव्हा ते गप्प बसले आणि मग आईने सांगितलं. म्हणून ते रोज विषय काढतात. त्यांना वाटतं मी लाख दिले नाहीत तर त्यांचे एक्कावन्नही जातील.

मी चिडलो. बोलायला नको ते बोललो.

गिरणीचा_भोंगा | सकाळी ६:४०

उठल्या उठल्या वाचलं.

आधी बाबांबद्दल. त्यांचं वय बघता त्यांनी इंदूरच्या गिरण्या बंद पडताना पाहिल्या असणार. माझे वडील एका गिरणीत जॉबर होते, ती बंद झाली तेव्हा मी अकरावीत. भोंगा वाजायचा थांबला, तर गल्लीत दोन दिवस कोणाला वेळ कळेना. कागदावर देणी होती, हातात काही नाही. शहराला ठाऊक आहे, नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या देण्याचा २२४ कोटींचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये दिला गेला. तोवर किती जण राहिले होते ते विचारू नका. त्या काळात ज्याच्याकडे दोन खोल्या स्वतःच्या होत्या तो उभा राहिला. म्हणून आमच्या पिढीला जमीन म्हटलं की डोळे भरून येतात आणि त्याच डोळ्यांनी कागद दिसत नाही. बाबांनी तुझ्यासाठीच घेतलाय रे तो.

मी २०११ ला तेच केलं, आणि बायकोपासून तीन वर्षं लपवलं.

आता काम. ५१ हजारांच्या मागे लाख पाठवू नकोस. बाबांना घेऊन जा, एकटा जाऊ नकोस, तुझ्या वयाच्या मुलाला दलाल उडवून लावतात. डायरीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ. तीन प्रश्न व्हॉट्सअॅपवर लेखी विचार, म्हणजे उत्तरही लेखी येईल किंवा येणार नाही, दोन्ही उपयोगाचं. मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर कॉलनीचं नाव घालून बघ. नाव नसेल तर आवाज न चढवता एवढंच म्हणायचं की नोंदणीशिवाय बुकिंग घेतलंत, आम्ही रेरात तक्रार देतोय, तुम्ही पैसे परत देत असाल तर विषय संपला. दलालाला पुढची पन्नास गिऱ्हाइकं करायची असतात. तक्रार त्याला परवडत नाही.

सगळे मिळतील असं नाही.

सराफ्यातली_सून | सकाळी ९:१५

आणि बाबांशी आज बोलून घे. पोह्यांवर बोल, जेवणावर नको, आजी असते.

विमावाला | सकाळी ९:५०

टर्मचं राहिलं. हे मी लिहितोय म्हणून हसू नका. काल कोणी "पंचविशीत टर्म कशाला" म्हटलं असतं तर मीही मान डोलावली असती, बायको-मुलं नाहीत. पण याच्या बाबांची नोकरी वर्षभरात संपतेय आणि शिक्षणकर्जावर सहकर्जदार बाबाच असणार. म्हणजे याच्यावर अवलंबून तीन माणसं आणि एक कर्ज. टर्म घे. माझ्याकडून नको घेऊस, ऑनलाइन घे, स्वस्त पडेल. आणि पीएफला, बँकेला, डीमॅटला, सगळीकडे नॉमिनी कोण आहे ते बघ. दहा मिनिटांचं काम आहे आणि दहा वर्षं कोणी करत नाही.

काडीपेटी | सकाळी ९:५८

विमावाला काकांनी ऑनलाइन घे म्हटलं. तारीख लिहून ठेवा.

छप्पनभोगी | पाच आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, माफी असावी. कोणी कोणी विपूत (विचारपुशीत) विचारलं होतं म्हणून वृत्तांत.

प्लॉट: रेराच्या यादीत नाव नव्हतं. बाबा आणि मी दोघं गेलो. दलाल आधी म्हणाला "नंबर आने वाला है भैया, आचारसंहिता लग गई थी". कसली आचारसंहिता ते सांगता आलं नाही. मग म्हणाला मालक उज्जैनला आहेत. तिसऱ्या खेपेला बाबांनी खिशातून चष्मा काढून त्याच्याच डायरीतली अट मोठ्याने वाचून दाखवली, दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं बसली होती. ३० हजार परत मिळाले. २१ हजार "अगले महीने". बाबा म्हणतात मिळतील. मी काही बोलत नाही.

आईबाबांचा मेडिक्लेम झाला, शुगर लिहून. वैद्यकीय तपासणी झाली. हप्ता वर्षाला इतका आला की मी दोन दिवस कोणाशी नीट बोललो नाही. तो बचतीतून भरला, म्हणून शिल्लक २ लाख ४ हजारांपासून अजूनच लांब गेली. तिथवर पोचायला साधारण सहा महिने लागतील. टर्मचा अर्ज भरलाय, कागद चालू आहेत.

एसआयपी एक हजाराची. दोघांचंही ऐकलं नाही, मधलं केलं. पहिल्या महिन्यातच ४० रुपये कमी दिसले आणि मी दिवसात अकरा वेळा अॅप उघडलं. अॅप आता मोबाइलच्या शेवटच्या पानावर आहे. कर्जावर जास्तीचं काही भरलेलं नाही.

आत्याला नाही म्हटलं. सांगताना टॅक्सचा मुद्दा काढला, तर ती म्हणाली, "मला माहीत आहे रे, पण सगळ्यांना तेच सांगायला शिकवलंय." दिवाळीला फराळ दिला, पण चिवड्यात काजू नव्हते.

मित्र अजून ऑप्शन्स करतो. मागच्या आठवड्यात त्याने पाच हजार उसने मागितले. दिले.

हिशेबनीस | रात्री १०:४१

ते पाच हजार एसआयपीत धरू नकोस.

गिरणीचा_भोंगा | रात्री १०:५५

२१ हजारांसाठी दर सोमवारी फोन. न चुकता. मी चुकलो होतो.

सराफ्यातली_सून | रात्री ११:०३

आजीचं कार्ड?

छप्पनभोगी | रात्री ११:०९

झालं. तिने ते देवघरात ठेवलंय, बाळकृष्णाच्या मागे. इमर्जन्सीत काढायचं तर आधी आंघोळ करावी लागेल.